जर्मनांनी खरंच ‘टॉयफेल हुंडन’ म्हटलं होतं का? एका टोपणनावाची पडताळणी

अमेरिकेच्या मरीन सैनिकांना ‘डेव्हिल डॉग’ म्हणतात. हे नाव त्यांना शत्रूनेच दिलं, असं सांगितलं जातं. जून १९१८ मध्ये फ्रान्समधल्या बेलोच्या जंगलात मरीन ब्रिगेड जर्मनांवर अशी काही तुटून पडली, की हादरलेल्या जर्मन शिपायांनी त्यांना ‘टॉयफेल हुंडन’, म्हणजे सैतानाचे कुत्रे, हे नाव दिलं. ही गोष्ट माहितीपटांत आहे, भरतीच्या भाषणांत आहे, टी-शर्टांवर आहे. मात्र त्या वेळच्या जर्मनांचा एखादा तरी कागद हे बोलतो का, हे बघायला बसलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी सप्टेंबरात हा शोध हाती घेतला आणि तो मार्चअखेर संपला. कोणत्या टप्प्याला किती थांबावं लागतं, पैसे कुठे लागतात आणि कुठे अजिबात लागत नाहीत, हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. स्कॉटिश पलटणींचं ‘नरकातल्या बायका’ असो की पी-३८ विमानाचं ‘दुभंगल्या शेपटीचा सैतान’, जर्मनांच्या नावावर खपणारं कुठलंही टोपणनाव तपासायचं असेल तर वाट साधारण हीच आहे.

आधी दाव्याचे तुकडे

असा दावा आहे तसा तपासता येत नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. नेमका शब्द कोणता? तो कुणाच्या तोंडी होता? कुठल्या आघाडीवर? आणि कोणत्या तारखेला? यातला तारखेचा प्रश्न सर्वात जास्त उपयोगी पडतो. शब्दाच्या अर्थावर वाद घालता येतो, पण लढाईच्या आधीच्या तारखेला छापलेल्या शब्दाचा जन्म त्या लढाईत झाला असं कुणालाच म्हणता येत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी शोध घ्यायचा नाही, तारखांची पट्टी करायची. माझी पट्टी अशी होती. मार्च १९१८ च्या मध्यापासून मरीन ब्रिगेड व्हर्दंच्या आग्नेयेला शांत समजल्या जाणाऱ्या आघाडीवर खंदकांत. २७ मे रोजी जर्मनांचा एन नदीवरचा मोठा हल्ला सुरू. १ जूनच्या सुमारास मरीन बेलोच्या समोर. ६ जूनला त्यांचा पहिला मोठा हल्ला, त्या एका दिवसात १,०८७ जण मृत वा जखमी. २६ जूनला जंगल पूर्णपणे ताब्यात. ३० जूनला फ्रेंच सेनापतीच्या आदेशाने जंगलाचं नाव बदलून ‘मरीन ब्रिगेडचं जंगल’ असं झालं. ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवली की पुढे हाती लागणारा प्रत्येक कागद आपोआप आपल्या जागी बसतो.

सोबत एक साधा तक्ता उघडायचा. त्यात शोधाची तारीख, संकेतस्थळ, शब्द नेमका कसा लिहून शोधला, कोणता कालखंड निवडला, निकाल काय आणि पानाच्या चित्राचा दुवा, एवढं लिहायचं. शून्य निकालांचीही नोंद करायची. काही महिन्यांनी तीच सर्वात मोलाची ठरते, कारण ‘सापडलं नाही’ हे वाक्य कुठे आणि कसं शोधलं हे सांगितल्याशिवाय पोकळच राहतं.

अमेरिकन वर्तमानपत्रं

शब्द जर्मन असला तरी सुरुवात अमेरिकन वर्तमानपत्रांपासून केली, कारण हा दावा अमेरिकेत चालतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह पूर्ण मोफत आहे, नावनोंदणीही लागत नाही. पैसे घेणारी संकेतस्थळंही आहेत आणि त्यांचा साठा मोठा आहे. पण आधी मोफत साठा संपवावा आणि नेमका प्रश्न हातात आला की मगच एका महिन्याचं सदस्यत्व घ्यावं.

एकाच शब्दावर थांबायचं नाही. ‘टॉयफेल हुंडन’, ‘टॉयफेलहुंडे’, ‘टॉयफेल्सहुंडे’, एकवचन, अनेकवचन, जोडून, तोडून आणि नुसतं ‘डेव्हिल डॉग्ज’ असं सगळं वेगवेगळं शोधावं लागतं. संगणकाने पानाचं चित्र वाचून केलेला मजकूर फार चुकीचा असतो. युद्धकाळातला कागद हलका, शाई पसरलेली आणि शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला. म्हणून ‘मरीन’ आणि ‘टॉयफेल’ हे दोन शब्द एकमेकांपासून पाच-दहा शब्दांच्या अंतरात शोधण्याची सोय असेल तर तीच वापरावी.

निकाल लवकर आला आणि तो चकित करणारा होता. १४ एप्रिल १९१८ च्या सुमारास ठिकठिकाणच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत एक इवलीशी बातमी छापलेली आहे: जर्मनांनी या समुद्री सैनिकांना नवं नाव बहाल केलं आहे, ते त्यांना ‘टॉयफेल हुंडन’ म्हणतात आणि त्याचा इंग्रजी अर्थ ‘डेव्हिल डॉग्ज’. एवढंच. लढाई कुठली, म्हणणारा जर्मन कोण, कैदी होता की पत्र सापडलं, यातलं काहीच नाही. बेलोची लढाई तेव्हा सुमारे सात आठवडे दूर होती.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे तीच बातमी त्याच शब्दांत पन्नास पेपरांत दिसली, तरी तो पुरावा पन्नास पट होत नाही. वृत्तसंस्थेने किंवा प्रसिद्धी कार्यालयाने पाठवलेला एक मजकूर सगळ्यांनी लावला, इतकाच त्याचा अर्थ. तक्त्यात ती एकच नोंद. मरीन कोअरचं न्यूयॉर्कमध्ये भरतीसाठीचं प्रसिद्धी कार्यालय होतं आणि वर्तमानपत्रांना तयार मजकूर पुरवणं हे त्याचं रोजचं काम होतं, हेही लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट साप्ताहिकांची. गावोगावची साप्ताहिकं अशी रिकामी जागा भरणारी बातमी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी लावत. म्हणजे जून-जुलैत हा शब्द दिसला म्हणून तो जूनमध्ये जन्मला असं होत नाही. सर्वात जुनी तारीख शोधायची आणि तिथे पानाचं चित्र उघडून वरच्या पट्टीतली तारीख स्वतः वाचायची. संग्रहाच्या यादीतली तारीख क्वचित चुकलेली असते.

भरतीचं प्रसिद्ध चित्र याच वर्षीचं, चार्ल्स बकल्स फॉल्स यांनी केलेलं. मरीनचं शिरस्त्राण घातलेला बुलडॉग, पुढे पळणारा टोकदार जर्मन टोपीतला डॅक्सहुंड, आणि वर ‘टॉयफेल हुंडन, अमेरिकन मरीनना जर्मनांनी दिलेलं टोपणनाव’. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात, मोफत उतरवून घेता येतं. हा नावाच्या प्रसाराचा उत्तम पुरावा आहे, उगमाचा मात्र नाही. भरती कार्यालयाने जे छापलं त्यावरून भरती कार्यालयाला काय हवं होतं एवढंच कळतं.

बेलोच्या आधीची तारीख मिळाली म्हणून तपास संपत नाही. हे नाव व्हर्दंजवळच्या खंदकांत पडलं असेल, असं कुणी म्हणू शकतो. मरीन मार्चच्या मध्यापासून तिथे होतेच. चकमकी, गस्ती, तोफमारा चालू होता. चार आठवड्यांत शब्द खंदकातून निघून समुद्रापार पोचणं अशक्य नव्हतं. प्रामाणिक तपासात ही पळवाटही बंद करावी लागते आणि तिच्यासाठी जर्मन बाजूकडे जाण्यावाचून इलाज नसतो.

जर्मन व्याकरण आणि जर्मन छापील कागद

जर्मन भाषक मित्राला ‘टॉयफेल हुंडन’ दाखवलं तर तो पहिल्यांदा त्यातली चूक दाखवील. जर्मनमध्ये असा सामासिक शब्द जोडून लिहितात, मध्ये ‘स’ येतो आणि कर्तेपदी अनेकवचन ‘टॉयफेल्सहुंडे’ होतं. शेवटचा ‘न’ फक्त एका विभक्तीत लागतो. इंग्रजीतले दोन शब्द एकेक करून जर्मनमध्ये उतरवले की भरतीच्या चित्रावरचं रूप मिळतं. हा सूचक पुरावा आहे, निर्णायक नाही. ऐकणाऱ्या अमेरिकनाने खरा जर्मन शब्द चुकीचा लिहून घेतला असणं शक्य आहे. ‘व्याकरण चुकलं म्हणजे खोटं’ एवढ्यावर अनेक लेख थांबतात, आणि तिथेच ते कच्चे राहतात.

ऑक्टोबर सगळा जर्मन वर्तमानपत्रांत गेला. ‘डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल’ हे जर्मनीतल्या ग्रंथालयांच्या वर्तमानपत्रांचं एकत्रित दालन आहे, व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘आनो’ आहे, बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाचं ‘डिजीप्रेस’ आहे. सगळी मोफत. ‘आनो’ ऑस्ट्रियन असलं तरी ते वगळू नये, कारण बर्लिनहून निघणारी लष्करी पत्रकं तिथल्या पेपरांत जशीच्या तशी येत. या कामासाठी मला सर्वात जवळचा साठा वाटला तो हायडेलबर्ग विद्यापीठ ग्रंथालयाने चित्रबद्ध केलेल्या आघाडीवरच्या वर्तमानपत्रांचा. ही पत्रं सैन्याच्या तुकड्या स्वतः काढत, शिपाई वाचत आणि त्यात विनोद, कविता, शत्रूची टिंगल भरपूर असे. टोपणनाव जिवंत असेल तर ते इथे उमटायला हवं.

यातला बहुतेक मजकूर फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत आहे आणि तिथे संगणकाचं वाचन घोटाळे करतं. फ्राक्टुरमधली मोठी अक्षरं टी, सी आणि ई एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे ‘टॉयफेल’ची सुरुवात सी किंवा ई ने झालेली आढळते. लहान यू आणि एन यांची अदलाबदल तर नेहमीची. शब्द ओळीच्या शेवटी तुटला की मध्ये दोन तिरक्या रेषांचं जोडचिन्ह येतं आणि ‘टॉयफेल्स’ एकीकडे, ‘हुंडे’ दुसरीकडे जातं. म्हणून अख्खा शब्द शोधून भागत नाही. नुसतं ‘टॉयफेल्स’, नुसतं ‘हुंडे’ आणि जवळपास ‘अमेरिकानर’, म्हणजे अमेरिकन, असं शोधायचं. जिथे अज्ञात अक्षरासाठी प्रश्नचिन्ह किंवा तारांकन चालतं तिथे पहिलं अक्षर आणि तिसरं अक्षर मोकळं सोडायचं. ‘ह्योलेनहुंडे’, म्हणजे नरकाचे कुत्रे, हा जर्मन कानाला जवळचा शब्दही तपासून घ्यावा. अनुवादात तो ‘डेव्हिल डॉग’ झाला असता.

युद्धानंतरच्या जर्मन मजकुरात हा शब्द आढळू शकतो. तिथे पहिलं काम म्हणजे वाक्य कुणाचं आहे ते बघणं. अमेरिकन पेपरातली बातमी उलटी जर्मनमध्ये आली असेल, तर तो अमेरिकन दाव्याचाच प्रतिध्वनी. त्याला जर्मन पुरावा धरलं की दावा स्वतःच स्वतःचा साक्षीदार होऊन बसतो.

आता सर्वात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. शून्य निकाल आला की तो शून्य खरा आहे का, हे तपासायचं. त्याच साठ्यात, त्याच कालखंडात, जर्मन शिपायांची जी टोपणनावं निर्विवाद होती ती शोधायची. इंग्रजांना ‘टॉमी’, फ्रेंचांना ‘फ्रान्समान’. हे शब्द त्या पानांवर भराभर सापडतात. म्हणजे शिपायांची बोली या साठ्यात उतरते, संगणकाचं वाचन तिथवर पोचतं आणि संपादकांना टोपणनावांचं वावडं नव्हतं. हे सिद्ध झाल्यावरच ‘टॉयफेल्सहुंडे’च्या शून्याला वजन येतं. जिथे ‘टॉमी’सुद्धा सापडत नाही, तो साठा या प्रश्नासाठी मुका आहे. तिथला शून्य तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहावा.

ही चाचणी एका नामवंत साक्षीदारालाही लावावी लागली. अमेरिकन पत्रकार आणि भाषाभ्यासक एच. एल. मेन्केन यांनी १९२१ मध्येच लिहिलं होतं की हे नाव एका अमेरिकन वार्ताहराने रचलं आणि जर्मनांनी ते कधीच वापरलं नाही. निष्कर्ष आपल्याला सोयीचा आहे, म्हणून तो लगेच उचलावासा वाटतो. पण त्याच जागी मेन्केन असंही म्हणतात की जर्मनांकडे शत्रूंसाठी हिणवणारी टोपणनावंच नव्हती, सगळे सरळ ‘फ्रेंच’, ‘इंग्रज’ असंच म्हणत. ‘फ्रान्समान’ आणि ‘टॉमी’ डोळ्यांसमोर असताना हे विधान इतकं सरसकट टिकत नाही. म्हणून मेन्केन यांची नोंद ‘लवकर उपस्थित झालेली शंका’ अशी केली, ‘पुरावा’ अशी नाही.

जर्मन लष्करी कागद: जळालेले आणि उरलेले

नोव्हेंबरात पत्रव्यवहार सुरू केला. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण पहिलीच माहिती निराश करणारी असते. प्रशियन सैन्याचे बहुतांश कागद पॉट्सडामच्या लष्करी अभिलेखागारात होते आणि एप्रिल १९४५ मधल्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झाले. फ्रायबुर्गच्या बुंडेसआर्काइव्हच्या, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, लष्करी विभागात पहिल्या महायुद्धाचं जे आहे ते त्यातून उरलेलं आणि इतर वाटांनी आलेलं. हे वाचलं तेव्हा सगळं काम वाया गेल्यासारखं वाटलं.

पण जर्मन साम्राज्याचं सैन्य एकजिनसी नव्हतं. बव्हेरिया, सॅक्सनी, व्यूर्टेम्बेर्ग यांची सैन्यं वेगळी होती आणि त्यांचे कागद अनुक्रमे म्युनिक, ड्रेस्डेन आणि श्टुटगार्टला जपले गेले. बाडेनची तुकडी प्रशियन सैन्यात सामील असूनही तिच्या चौदाव्या कोअरचे बरेच कागद कार्ल्सरूहच्या राज्य अभिलेखागारात उरले, ४५६ क्रमांकाच्या गटात. आता बेलोच्या समोर कोण होतं ते पाहू. सुरुवातीला २३७ वी डिव्हिजन, जिची ४६१ वी रेजिमेंट मेजर योझेफ बिशॉफ यांच्या हाताखाली जंगल धरून होती. शेजारी १० वी डिव्हिजन. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून २८ वी डिव्हिजन, म्हणजे बाडेनची! पॉट्सडाम जळलं म्हणून सगळं जळलं, असं नाही. कुठल्याही जर्मन टोपणनावाचा शोध घेताना समोरच्या डिव्हिजनचं मूळ राज्य आधी काढावं. अभिलेखागाराचा पत्ता तिथूनच ठरतो.

याच यादीमुळे आणखी एक लोकप्रिय तपशील कोसळतो. ‘टॉयफेल हुंडन’ हे बव्हेरियाच्या लोककथांतले रानटी डोंगरी कुत्रे, असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. जंगलात मरीनसमोर आलेल्या या तीनही डिव्हिजनपैकी एकही बव्हेरियन नव्हती. गोष्ट जितकी उशिराची तितके तिचे तपशील रंगत जातात, असं या कथेत स्पष्ट दिसतं. १९१८ च्या बातमीत ना जंगल, ना डोंगर, ना वायुमुखवट्यांतून लाल झालेले डोळे. ते सगळं पुढे चिकटलं.

अर्जाची पद्धत सांगतो. फ्रायबुर्गला जायचं असेल तर वापराचा अर्ज भरावा लागतो, त्यात विषय आणि उद्देश लिहायचा. कागदांची यादी त्यांच्या ‘इनव्हेनिओ’ या ऑनलाइन सूचीत बघता येते, वाचनकक्षातली जागा आणि फायली आधी नोंदवाव्या लागतात. वाचनासाठी शुल्क नाही, स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. कार्ल्सरूहची सूचीही ऑनलाइन आहे. भारतातून जायचं तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि प्रवासखर्च. म्हणून आधी ईमेलने विचारावं, हा माझा आग्रह आहे. बहुतेक प्रश्नांना प्रवास लागतच नाही.

ईमेल जर्मनमध्ये, आटोपशीर आणि एकाच प्रश्नाचं लिहावं. ‘डेव्हिल डॉगबद्दल काही आहे का?’ असं विचारलं तर ‘आम्ही संशोधन करून देत नाही’ असं सभ्य उत्तर येतं. त्याऐवजी डिव्हिजनचा क्रमांक, कालखंड २८ मे ते १० जुलै १९१८, कागदाचा प्रकार (युद्धदैनंदिनी, कैद्यांच्या चौकशीचे अहवाल, गुप्तवार्ता विभागाचे शत्रूविषयक अहवाल), सूचीतून मिळालेले फाईल क्रमांक, आणि ‘प्रती काढायला किती खर्च येईल ते आधी कळवावं’ ही विनंती. शुल्क पानांप्रमाणे असतं, म्हणून कालखंड घट्ट आवळून सांगणं हाच पैसे वाचवायचा उपाय. डिसेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत उत्तराची वाट बघू नये. तिकडची कार्यालयं सुट्टीवर असतात. मागणी मान्य होणं, पैसे पोचणं, प्रती तयार होणं, या प्रत्येक टप्प्याला आठवडे लागतात. पैसे पाठवताना मधल्या बँकेची कपात आपल्याकडे लावून घ्यावी, नाहीतर दोन-चार युरो कमी पोचतात आणि काम तिथेच अडतं.

प्रती आल्या की वाचनाचं आव्हान. डिव्हिजनच्या पातळीवरचे आदेश आणि अहवाल बरेचदा टंकलेले असतात, पण खालच्या पातळीवरून आलेले संदेश पेन्सिलने, घाईत, कुरेंट या जुन्या जर्मन वळणात. त्यात ई हे अक्षर हुबेहूब एन सारखं दिसतं आणि यू ओळखायची खूण म्हणजे त्याच्या डोक्यावरची छोटी वक्ररेघ. एच ला वर आणि खाली असे दोन फासे. ‘हुंडे’ शोधायचं म्हणजे दोन फाशांचं अक्षर, मग वक्ररेघ असलेलं अक्षर, मग तीन-चार सारखे दिसणारे उभे फटके आणि त्यांच्यामधून वर डोकावणारा डी, असा आकार नजरेत बसवायचा. आधी पूर्ण वाक्यं लावत बसू नये. नजर त्या आकारावर तयार झाली की पानामागून पान सरकतं. ‘ट्रान्सक्रिबुस’ हे हस्तलिखित वाचणारं साधन मदत करतं, थोडी पानं मोफतही होतात, पण पेन्सिलीच्या पुसट पानांवर त्याच्या निकालावर विसंबू नये.

वॉशिंग्टनच्या प्रती

एवढ्यावरही प्रशियन डिव्हिजनांची पोकळी राहते, आणि ती अनपेक्षित जागी बरीच भरून निघते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकन सैन्याने आपले अधिकारी जर्मनीत बसवून, अमेरिकनांसमोर लढलेल्या जर्मन तुकड्यांचे कागद नकलून घेतले होते. मूळ कागद १९४५ ला गेले, नकला अमेरिकेत राहिल्या. मेरिलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, १६५ क्रमांकाच्या संचात त्या आहेत. मरीन ब्रिगेड ज्या दुसऱ्या डिव्हिजनचा भाग होती, तिच्यासमोरच्या जर्मन तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्यांचे इंग्रजी अनुवादही पुढे अनेक खंडांत तयार झाले.

या अनुवादांचं महत्त्व वेगळंच आहे. नकला कोणी केल्या? अमेरिकनांनी. अनुवाद कोणासाठी? खुद्द दुसऱ्या डिव्हिजनसाठी. तोवर ‘डेव्हिल डॉग’ अमेरिकेत घरोघरी पोचलं होतं, १९२२ मध्ये क्वांटिकोच्या मरीन तळावर जिग्ज नावाचा बुलडॉग रीतसर मरीन म्हणून भरतीही झाला होता. शत्रूच्या दैनंदिनीत ‘टॉयफेल्सहुंडे’ असतं तर ते कोणी डोळ्यांआड होऊ दिलं नसतं. ज्याला तो शब्द सर्वात जास्त हवा होता त्यानेच ही पानं चाळली होती.

त्या कागदांत मरीनबद्दल आदर नाही असं मुळीच नाही. जूनच्या मध्यात फॉन बेर्ग नावाच्या जर्मन गुप्तवार्ता अधिकाऱ्याने कैद्यांच्या चौकशीवरून अहवाल लिहिला. दुसरी अमेरिकन डिव्हिजन फार चांगली आहे, तिला कदाचित धडक तुकड्यांच्या पंक्तीतही बसवता येईल, बेलोच्या जंगलावरचे हल्ले धडाडीने आणि जिवाची पर्वा न करता झाले, आमच्या गोळीबाराने त्यांची आगेकूच फारशी थांबली नाही, असा त्याचा आशय. शत्रूने लिहिलेली यापेक्षा मोठी पावती मिळणं अवघड आहे. शब्द मात्र कार्यालयीन आहेत आणि कुत्रा कुठेच नाही. मला हा कागद या शोधातली सर्वात मोठी कमाई वाटतो. मरीनचा पराक्रम सांगायला टोपणनावाची गरजच नाही, शत्रूच्या सहीचा कागद हजर आहे.

मी मागवलेल्या कार्ल्सरूहच्या पानांतही अमेरिकन आहेत, कैदी आहेत, मशीनगन आहेत, तोफांच्या वेळा आहेत. टोपणनाव नाही.

शेवटी मरीन कोअरकडे वळलो, आणि या वळणाची भीती बाळगायचं कारण नाही. त्यांच्याच संग्रहालयाच्या आणि इतिहास विभागाच्या जाणकारांनी हे पूर्वीच जाहीरपणे मान्य केलं आहे: हे नाव बेलोच्या आधी छापून आलं होतं, बहुधा अमेरिकन बाजूनेच ते पुढे आणलं आणि जर्मनमधला लेखी पुरावा त्यांच्याकडे नाही. पत्र लिहिताना सूर आरोपाचा नसावा. ‘तुमच्याकडे १४ एप्रिल १९१८ च्या आधीचा कोणताही उल्लेख नोंदलेला आहे का?’ एवढाच प्रश्न पुरतो.

निकाल कसा लिहायचा

मार्चमध्ये निकाल लिहिताना एका शब्दाचं उत्तर दिलं नाही. तीन स्वतंत्र वाक्यं लिहिली. नाव बेलोच्या लढाईत पडलं हा दावा खोटा आहे, तारखेवरून सिद्ध. नाव जर्मन सैनिक वापरत, याला तपासलेल्या जर्मन छापील आणि लष्करी कागदांत आधार नाही, आणि त्यातल्या बऱ्याच साठ्यांत इतर टोपणनावं सहज सापडतात. नाव अमेरिकन वर्तमानपत्रांत एप्रिल १९१८ पासून पसरलं, हे पक्कं. ‘अमुक वार्ताहराने रचलं’ हे चौथं वाक्य लिहायचा मोह होतो, पण ते लिहिलं नाही. त्याचा कागद हाती नाही.

यापुढे कुणाला शोधायचं असेल तर शिपायांची खासगी पत्रं हा भाग मोकळा आहे. श्टुटगार्टच्या राज्य ग्रंथालयातला समकालीन इतिहासाचा विभाग आणि जर्मनीच्या टपाल संग्रहालय प्रतिष्ठानाचा ऑनलाइन पत्रसंग्रह, या दोन ठिकाणी लष्करी टपालातून गेलेली पत्रं वाचायला मिळतात. १९२० नंतर लिहिलेल्या आठवणी आणि रेजिमेंटचे इतिहास वेगळ्या खणात ठेवावेत, कारण तोवर अमेरिकन गोष्ट जर्मनीत पोचलेली होती. पत्रात शब्द सापडलाच तर पाकिटावरचा लष्करी टपालाचा शिक्का, पत्रावरची तारीख, लिहिणाऱ्याची तुकडी आणि फाईल क्रमांक यांचे फोटो एकत्र घ्यावेत. नुसत्या त्या ओळीचा कापलेला फोटो कामाचा नाही. तारीख १४ एप्रिल १९१८ च्या आधीची असेल तर माझं दुसरं वाक्य बदलावं लागेल, आणि त्यासाठी तक्त्यात रकाना मोकळा ठेवला आहे.